मीठवाटेवरचा विसावा

उठा. आधी त्या दगडावरून उठा, मग काय ते विचारा. फुलं बघायला आलात ना, मग बघा की. अख्खा सडा, हे कातळाचं पठार, पुढ्यात पसरलाय. पण डबे सोडायला नेमका हाच दगड सापडतो सगळ्यांना. सपाट आहे, दोन्ही बाजूंनी कडा आहे, वारा लागत नाही, हे आम्हालाही कळतं. पण उंबळीच्या सड्यावरचं कुत्रंसुद्धा या दगडावर भाकरीच्या तुकड्याला तोंड लावत नाही. हा विसावा आहे. सावलीत टेकायचा विसावा नव्हे हो. मढं नेताना तिरडी टेकवतात, तो विसावा.

झालं तोंड कडू? होऊ द्या. विचारून बसला असता तर झालं नसतं.

तुमच्या पायाखाली ही फरसबंदी आहे ना, ती मीठवाट. खालच्या बंदरातून घाट चढून वर येते, सगळा सडा ओलांडते आणि या खिंडीतून पलीकडं देशावर उतरते. एवढी रुंद, एवढी चांगली वाट. सुट्टीच्या दिवशी तुमच्या गाड्यांची रांग लागते खाली. तरी इथं चहाची टपरी नाही, कणसं भाजणारा नाही, रसवंती नाही. सड्यावरचं लग्नाचं वऱ्हाड या खिंडीतून जात नाही. त्या पलीकडच्या कड्याला शेरडांची पायवाट दिसते का, तिच्यावरून एकामागं एक उतरतं. नवरी साडीचा घोळ हातात धरून काट्यांतून उतरते आणि सासरी पोचेस्तोवर तिच्या पायाची चाळण होते. तरी कोणी म्हणत नाही की जाऊ या खिंडीतून. तसं का, ते ऐकायचं असेल तर तिथं गवतावर बसा. डबे मिटलेले राहू द्या.

असं सांगतात की इथं वाट नव्हती तेव्हा मिठाचे बैल सड्यावर चुकायचे. कातळावर पाऊल उमटत नाही, आणि धुकं उतरलं की आपलाच हात आपल्याला दिसत नाही. म्हणून वरच्या दरबारानं वाट बांधायची ठरवली आणि सड्यावरच्या धनगरांना वेठीला धरलं. मजुरी नाही. त्याऐवजी एक शब्द दिला, की सड्यावरच्या माणसाकडून या वाटेवर कधी जकात घेतली जाणार नाही. शेरडू नेवो, तूप नेवो, काही नेवो. तेवढ्या शब्दावर आमच्या माणसांनी बंदराच्या कड्यापासून इथवर दगड अंथरले. त्यांत एक नवलू होता. तेव्हा मिसरूड फुटलेलं नव्हतं म्हणे. दगड बसवताना त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं चिरडली. पुढं आयुष्यभर त्याला एका हातानंच धार काढावी लागली, पण वाटेविषयी कोणी वाकडं बोललं की तो खवळायचा. माझी वाट म्हणायचा.

पहिल्या नाकेदारानं शब्द पाळला. तो म्हातारा होऊन गेला आणि मक्ता गिरजोजीकडं आला.

गिरजोजी कुठला, कोणाचा, कोणास ठाऊक. सड्यावर त्याचं नाव आजही तोंडात घेतलं की थुंकतात. हा दिसतो तो चौथरा, त्यावर त्याचं घर होतं आणि घरापुढं हा दगड. तांडा आला की बैलांवरच्या गोण्या या दगडावर उतरवायच्या, तोंड सोडायचं आणि त्यातून नाक्याचा वाटा काढून घ्यायचा, अशी रीत. ती तांडेवाल्यांसाठी होती. गिरजोजीनं आल्या आल्या सड्यावरच्या माणसांनाही त्याच दगडाशी उभं केलं. शब्द म्हणाल तर तो म्हणाला, शब्द देणारे गेले, आता मक्ता माझा आहे. तूप नेलं तर त्यातलं तूप, लोकर नेली तर लोकर. नवलू त्याच्याशी भांडायचा, आणि गिरजोजीचे शिपाई नवलूला ढकलून द्यायचे. एकदा तर हंड्यातलं ताक ओतून दिलं म्हणे त्याच्या अंगावर.

इथवरचं सोसलं असतं एक वेळ. पण त्या माणसाची नजर मढ्यांवर गेली.

या सड्यावर माती बोटभर. तुमची ही जांभळी-पिवळी फुलं येतात ती त्या बोटभर मातीवर. माणूस पुरायचा तर खिंडीपलीकडच्या माळावर न्यावा लागतो, तिथं खोल माती लागते. म्हणजे सड्यावरचा प्रत्येक मेलेला माणूस चौघांच्या खांद्यावरून या नाक्यापुढनं जाणार. शेरडांच्या पायवाटेनं तिरडी जात नाही, दोघं तिथं शेजारी मावतच नाहीत.

आणि एकदा घरापुढून उचललेली तिरडी वाटेत भलत्या जागी टेकवायची नाही, हे तुम्हालाही माहीत असेल. टेकवायची ती विसाव्यावर. आमचा विसावा तेव्हा खिंडीपलीकडं हिरड्याच्या झाडाखाली होता. तिथं तिरडी ठेवायची, पिठाचा गोळा ठेवून त्यावर दगड ठेवायचा, पुढचे खांदेकरी मागं आणि मागचे पुढं, आणि पुन्हा उचलायची. भलत्या जागी टेकवली तर काय होतं? ती जागा नवा विसावा होते. आणि नव्या विसाव्यावर पहिल्यांदा ज्याची तिरडी टेकते तो माणूस पुढं जात नाही. तो त्या जागेचा धनी होऊन तिथंच राहतो. मागून येणारे घडीभर टेकतात आणि पुढं जातात, हा मात्र बसून. हिरड्याखालचा धनी कोण्या आदल्या काळातला पोरगा होता म्हणे, खांदेकऱ्यांचा पाय घसरला म्हणून तिरडी तिथं टेकली होती. त्याची कीव करत बायका तिथं दूध ठेवायच्या.

गिरजोजीनं हे सगळं माहीत करून घेतलं. आणि मग त्यानं नियम काढला. तिरडीत मीठ लपवून नेतात असं कानावर आलंय, म्हणाला. म्हणून तिरडीही नाक्याच्या दगडावर ठेवायची, सोडून दाखवायची. मीठ नसेल तर खुशाल फुकट जा. ठेवायची नसेल तर एक बकरू द्या आणि चालते व्हा. त्याला पक्कं ठाऊक होतं की ही माणसं मरतील पण तिरडी खाली ठेवणार नाहीत. त्यानं आमची रीतच आमच्या गळ्याला लावली. खांद्यावर ओझं, समोर आडवी काठी, आणि हा वर चौथऱ्यावर सुपारी कातरत बसलेला. कितीही तोंड वाजवलं तरी शेवटी खांदे भरून यायचे आणि कोणीतरी बकरू आणायला पळायचं.

नवलूची आई गेली तेव्हा असंच झालं. पुढच्या खांद्याला नवलू स्वतः होता. अंगाची लाही होत होती तरी त्याच्याच्यानं आईची तिरडी भलत्या दगडावर ठेववेना. शेवटी घरची पाट, अजून न व्यालेली शेळी, आणवली आणि शिपायाच्या हातात दिली. त्या दिवसापासून तो माणूस मिटला. आपल्याच वाटेवर आपली आई ओझं म्हणून मोजली गेली, हे त्याच्या मनातून जाईना. पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस त्याला ताप भरला आणि तो उठला नाही.

आता ठकूचं ऐका. ठकू म्हणजे नवलूची बायको. गोष्ट तिचीच आहे. बाई कशी होती? फार गोड बोलणारी नव्हती, असं सांगतात. नवरा-बायकोचं दिवसाला एक भांडण ठरलेलं. पण भांडायला तो नसला की तिला जेवण जायचं नाही. नवलूनं शेवटच्या दिवशी तिला जवळ बसवलं आणि म्हणाला, "आईच्या वक्ताला मी वाकलो. माझ्या वक्ताला तू वाकू नगंस." तिनं त्याच्या मोडक्या हातावर हात ठेवून शब्द दिला. कसं करणार, हे त्यानं विचारलं नाही आणि तिला ते माहीतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिरडी निघाली. पाऊस बारीक लागलेला, वारा सुटलेला. पुढच्या खांद्याला ठकूचा दीर, जानू. नवलूचा पाठचा भाऊ, नवलूनंच कडेवर घेऊन वाढवलेला. बायकांनी खिंडीपर्यंत जायचं, पुढं जायचं नाही, अशी आमच्याकडं रीत. म्हणून ठकू मागून चालत होती. आधीच तिनं सगळ्यांना बजावलं होतं, की बकरू कोणी द्यायचं नाही. ज्यानं दिलं त्यानं माझ्या दारात यायचं नाही.

नाक्यापुढं काठी आडवी झाली. गिरजोजी वरूनच म्हणाला, ठेवा खाली, नाहीतर बकरू द्या. जानू म्हणाला, आम्ही उभे राहू. राहा, म्हणाला गिरजोजी, आणि आत जाऊन न्याहारीला बसला.

उभे राहिले. पाऊस वाढला. चौघांचे पाय ओल्या दगडावरून घसरायला लागले. खांदे बदलायलाही नाक्यावर बंदी केली त्यानं, बदलाबदलीत मीठ पळवाल म्हणाला. मागचा एक जण रडायला लागला. गिरजोजी बाहेर आला, हात पुसले, खांब टेकून बसला. शिपायांना म्हणाला, बघा रे, यांचं मढं यांच्यापेक्षा ताठ उभं आहे. आणि हसला. हे हसणं ठकूनं ऐकलं.

तिनं खांदेकऱ्यांकडं बघितलं. अजून थोडा वेळ गेला असता तर तिरडी खांद्यावरून सुटलीच असती, नाहीतर कोणीतरी वाडीकडं पळालं असतं. वाडीतली माणसं मूग गिळून उभी होती, पण प्रत्येकाच्या डोळ्यांत तेच, की देऊन टाकावं एक बकरू. आज दिलं तर पुढं कायमचं. उद्या तिचं मढं, परवा जानूचं, मग पोराबाळांचं, सगळी याच्या दगडाशी उभी राहून बकरू देणार. आणि दिलं नाही तर? तिथं एकच वाट उरत होती, आणि ती वाट कोणाच्या मनातही येणं शक्य नव्हतं. कारण ज्याच्यासाठी हे चाललं होतं, त्याचंच त्यात कायमचं वाटोळं होणार होतं.

ठकू पुढं आली. तिरडीच्या पायथ्याशी उभी राहिली. म्हणाली, "ठेवा."

कोणाला कळेना काय ठेवायचं. जानूला कळलं. तो म्हणाला, "वैनी, दादा हितनं पुढं जायाचा न्हाई."

"ठावं हाय मला. ठेवा."

असं सांगतात की जानूनं तरीही ठेवली नसती. पण ठकूनं स्वतः पुढच्या दांडीला हात घातला आणि खाली ओढली. चौघांच्या खांद्यात त्राण नव्हतं. नवलूची तिरडी या दगडावर टेकली. ठकूनं पदरात बांधलेला पिठाचा गोळा काढला, दगडाच्या कडेला ठेवला, त्यावर एक खडा ठेवला. मग वर बघून गिरजोजीला म्हणाली, "सोडून बघ. मीठ हाय का बघ."

गिरजोजी आधी हसतच होता. बाई हरली, असंच वाटलं त्याला. त्याचा एक म्हातारा शिपाई होता, खालच्या गावचा. तो मात्र गोळ्याकडं बघत बघत मागं सरला. त्यानं हातातली काठी जमिनीवर ठेवली, डोक्याचं मुंडासं सोडून हातात घेतलं आणि भर पावसात चालू लागला. परत आला नाही. तेव्हा गिरजोजीचं हसणं मावळलं.

खांदेकरी पुढचे मागं, मागचे पुढं झाले. नियमाप्रमाणं तिरडी फुकट सुटली. माणसं खिंडीपलीकडं गेली, नवलूला माती मिळाली. पण माती मिळाली ती नुसत्या देहाला. नवलू इथंच बसला, या दगडावर. ठकू खिंडीच्या तोंडाशी उभी होती. माणसं परतली तरी हलेना. बायकांनी धरून नेली तेव्हा ती एवढंच म्हणत होती म्हणे, की मी त्याला अडकवला, मी माझ्या हातानं अडकवला.

पुढं काय झालं ते सरळच आहे. नाक्याचा दगड विसावा झाला. विसाव्यावर कोण गोणी उतरवणार? कोण मिठाचं तोंड सोडणार? पहिला तांडा आला, नाईकानं गोळा बघितला, गोळ्यावरचा खडा बघितला आणि बैलांना तसेच पुढं हाकलले. मढ्याच्या दगडावर उघडलेलं मीठ देशावर कोण घेणार होतं त्याच्याकडनं? गिरजोजीनं गोळा लाथेनं उडवला, दगड गोमूत्रानं धुतला, भटजी आणून पाणी शिंपडलं. सगळं केलं. पण ही बातमी बैलांच्या आधी पोचते. स्वैपाक्यानं चूल पेटवायला नकार दिला. शिपाई एकेक करून गेले. शेवटी तो एकटा वाटेत हात पसरून उभा राहायचा, आणि तांडेवाले तोंडावर घोंगडी ओढून त्याच्या दोन्ही अंगांनी निघून जायचे. विसाव्यावर राहणारा माणूस म्हणून त्याला कोणी धक्कासुद्धा लावत नव्हतं, शिवावं लागू नये म्हणून.

मग एक दिवस गिरजोजी उंबळीच्या धनगरवाडीत आला. ठकूच्या अंगणात.

भटजीनं त्याला तोड सांगितली होती. ज्याची तिरडी पहिली टेकली त्याच्या बायकोनं हो म्हटलं आणि त्याच्या नावानं त्या दगडावर पिंड दिला, तर तो मोकळा होतो, आणि जागाही मोकळी होते. सगळा खर्च, सगळा विधी गिरजोजी करणार. शिवाय तो भरल्या वाडीसमोर बेलभंडार उचलायला तयार होता, की सड्यावरच्या माणसाकडून जिवंत असो की मेलेला, यापुढं काही घेणार नाही. जोडे अंगणाबाहेर काढून उभा होता म्हणे.

वाडी गोळा झाली. म्हातारी माणसं म्हणाली, हो म्हण. बायका म्हणाल्या, हो म्हण. जानूनं तर तिच्या पायावर डोकं ठेवलं, की दादा सुटेल गं वैनी, दुसरं काय पायजे तुला. आणि खरंच, दुसरं काय पाहिजे होतं तिला? तिचा जीव तीळतीळ तुटत होता. रोज ती खिंडीपर्यंत जायची. विसाव्यावर जिवंत माणसानं बसायचं नसतं, म्हणून दगडापासून लांब उभी राहून नवलूला वाडीतलं सगळं सांगायची. कुठली शेळी व्याली, कोण कोणाशी भांडलं. मधूनच त्याच्यावर खेकसायची, की मला शब्दात अडकवून स्वतः मोकळा व्हायला बघत होतास. आणि रडायची. तिच्या एका होकारावर तो सुटणार होता.

तिनं गिरजोजीला वरपासून खालपर्यंत बघितलं. बेलभंडार उचलणाऱ्या हाताकडं बघितलं. हाच हात पाट धरून नेणाऱ्या शिपायाला खूण करत होता. तिला तो माणूस खरं बोलतोय असं वाटेना, आणि खरं बोलत असता तरी तिला चाललं नसतं. इतका राग होता तिला त्याचा. नवऱ्यावरच्या मायेपेक्षा तो राग मोठा होता की काय, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. पण बोलली ती स्पष्ट.

"माझा धनी तिथं बसलाय तोवर तू तिथं बसायचा न्हाईस. ऱ्हाऊ दे बसलेला. जा."

गिरजोजी गेला. नाक्यावर आणखी थोडे दिवस काढले त्यानं, मग मक्ता गेला आणि एका सकाळी वळकटी डोक्यावर घेऊन घाट उतरताना गुराख्यांनी त्याला पाहिला. कुठं गेला, कसा मेला, कोणी विचारलं नाही.

पण ठकूला त्यातून सुख मिळालं असेल म्हणाल तर नाही. नवऱ्याचा बळी दिलेली बाई, असं वाडीनं तिला ठरवलं. तिच्यामुळं जकात गेली, तिच्यामुळं मढी मोकळी जायला लागली, ते घेतलं सगळ्यांनी. तिला मात्र हळदीकुंकवाला तर नाहीच, पण बारशालाही कोणी बोलावत नव्हतं. चुलीत घाला असली माणसं. जानूनं तर तिनं गिरजोजीला परत पाठवलं त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं टाकलं. लाकडं फोडून दारात टाकायचा, पाण्याचे हंडे भरून ठेवायचा, आजारी पडली तर औषधाचा पाला आणून उंबऱ्यावर ठेवायचा. पण तोंडातून अक्षर नाही. वैनी म्हणून हाक नाही. वर्षांमागून वर्षं गेली तशीच. त्याचे केस पिकले, हिची पाठ वाकली.

मध्ये कोणीतरी म्हणालं, आता नाका राहिला नाही, आता तरी पिंड दे, नवलूला सोडव. ठकू म्हणाली, नाका रिकामा आहे, गेलेला नाही. जागा मोकळी दिसली की उद्या दुसरा येऊन बसेल. आणि तिनं नाही म्हटलं ते नाहीच म्हटलं. तेव्हाही जानू तिथंच बसला होता. उठून निघून गेला.

मग ठकूचाही दिवस आला. तिनं जानूला बोलावून घेतलं. तो आला, खाली मान घालून बसला. ती म्हणाली, मला दगडावर ठेवल्यावर घाई करू नकोस. तुझ्या दादाला मी तिथं बसवून ठेवलाय. त्याच्या शिव्या खायला मला उतरावं लागेल. जानू काही बोलला नाही. नुसती मान हलवली, की तीही हलवली नाही, यावर अजून वाडीत दोन मतं आहेत.

तिरडी निघाली. जानू म्हातारा झाला होता, पोरांनी नको म्हटलं, तरी पुढचा खांदा त्यानं सोडला नाही. खिंडीत आले. दगडावर ठेवली. पिठाचा गोळा ठेवला, खडा ठेवला. पुढचे मागं झाले, मागचे पुढं. उचलायचं, तर जानू वाकेना. हात वर करून सगळ्यांना थांबवलं त्यानं. वारा वाहत होता तेवढा वाहिला. मग तो वाकला आणि चौघांनी मिळून तिरडी उचलली, आणि उचलताना मागचे दोघं तोल जाऊन पडायचेच राहिले म्हणे. ओझं धरून जोर लावला होता, आणि वर आली ती नुसती बांबू-कामट्यांची तिरडी असावी इतकी हलकी. कापड तसंच, देह तसाच, पण वजन नाही. चौघं एकमेकांकडं बघायला लागले.

जानूच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. इतक्या वर्षांनी त्याचं तोंड उघडलं. दगडाकडं बघून म्हणाला, "वैनी उतरली."

आजही सड्यावरचा माणूस गेला की तिरडी याच दगडावर टेकते. आता खालून डांबरी रस्ता झाला, तालुक्याच्या दवाखान्यातून मढं गाडीत घालून आणतात, तरी खिंडीखाली गाडी थांबवायची, स्ट्रेचर काढायचं, चढून इथं आणून ठेवायचं आणि मगच पुढं जायचं. ड्रायव्हर परका असला तर कटकट करतो, करू द्यावी. गोळा ठेवतात, खडा ठेवतात, खांदे बदलतात. आणि उचलायच्या आधी पुढचा खांदेकरी, मग तो विशीतला असो की ऐंशीतला, दगडाकडं वाकून विचारतो, "वैनी, जाऊ का?" थोडं थांबतात. मग उचलतात.